लघुउद्योगाची ओळख : भाग 6
नैसर्गिक दगडाचा व्यवसाय

सोनपेठ तालुक्याच्या जमिनीखाली आहे तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड. त्याची खडी होते, पायाचे दगड निघतात, पाटा-वरवंटा आणि जाते घडते. मात्र लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांमुळे मोठ्या, सलग लाद्या त्यातून सहसा मिळत नाहीत. त्यामुळे इथे खाण आणि फरशीचे दुकान हे दोन वेगळे धंदे ठरतात. खाणीला गौण खनिजाचा परवाना, स्वामित्वधन, वाहतुकीचा पास, सुरुंगाचे नियम आणि यंत्रांचे मोठे भांडवल लागते. नवख्याने तिकडे न वळलेलेच बरे.

फरशीचा माल बाहेरून येतो : शहाबादी कलबुर्गी जिल्ह्यातून, तांदूर तेलंगणातून, कडप्पा आंध्रातून, कोटा राजस्थानातून. यांतील पहिल्या दोन खाणी सोनपेठला त्यातल्या त्यात जवळ आहेत, आणि या धंद्यात अंतराला फार किंमत आहे. 20 मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचा एक चौरस फूट साधारण 5 किलो भरतो. म्हणजे 10 टनांच्या गाडीत जेमतेम 2,000 चौरस फूट माल बसतो. भाडे 20,000 रुपये धरले, तर प्रत्येक फुटावर 10 रुपये वाटेतच चढतात. हमाली आणि फूटतूट वेगळीच.

माल ओळखणे वाटते तितके अवघड नाही. शहाबादी, तांदूर, कोटा आणि कडप्पा हे चुनखडक आहेत. संगमरवरही चुन्याच्याच घराण्यातला. लिंबाचा रस काही वेळ राहिला की त्यांची चकाकी मरते. ग्रॅनाइटला लिंबाचा त्रास होत नाही, म्हणून ओट्यासाठी तो महाग असूनही खपतो. गडद काळा ग्रॅनाइट घेताना अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने कोपरा पुसून पाहावा. फडके काळे झाले, तर दगडाला रंग चढवलेला असतो.

केवळ फरशी विकून नफा थोडाच सुटतो. खरा पैसा कापणीत आणि मापात आहे. ओट्याचे माप घरी जाऊन घेणे, सिंकची खाच काढणे, कडेला गोलाई देणे या कामांची मजुरी वेगळी मिळते. उरलेल्या पट्ट्या उंबऱ्याला आणि खिडकीच्या चौकटीला लागतात. त्या फेकणारा दुकानदार आपलाच नफा फेकतो. म्हणून एक अनुभवी कारागीर आणि एक कटर एवढ्यावर सुरुवात करावी, भारी संगमरवराचा साठा करू नये. एका घराचा सगळा माल एकाच लॉटमधला द्यावा, कारण त्याच खाणीचा पुढचा लॉट रंगाने वेगळा निघतो.

कापताना पाणी सोडलेच पाहिजे. ग्रॅनाइटमधील सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. सिलिकाचे प्रमाण फार असलेल्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदी घातली, ती याच धुळीमुळे.

गोदाकाठच्या काळ्या मातीचा प्रश्न मात्र इथलाच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खाली मुरमाची भर आणि धुमस नीट नसेल तर फरशी उचलते किंवा खचते, आणि ग्राहक दगडालाच नावे ठेवतो. बसवणी दुकानाची नसेल, तर तसे बिलावर आधीच लिहावे. लॉट, जाडी आणि मोजलेले क्षेत्रफळही त्याच बिलावर असावे.