प्रेसमड घ्या, पण कच्चे स्पेंटवॉश शेतात घेऊ नका

आपण सहकारी साखर कारखान्याचे सभासद, म्हणजे मालक आहात. उसाला दर किती मिळणार याची चौकशी आपण गळीत हंगामाच्या आधीपासून करता. साखरेबरोबर कारखान्यातून आणखी काय बाहेर पडते आणि ते कोठे जाते, ही चौकशी मात्र ओढ्याचे पाणी तांबडे झाल्यावरच सुरू होते.

एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस, ३० ते ४० किलो प्रेसमड आणि ४० ते ४५ किलो मळी मिळते. (काही भागात प्रेसमडलाच मळी म्हणतात, येथे मळी म्हणजे काळा पाक.) बगॅस बॉयलरमध्ये जळते. खरी अडचण मळीपासून अल्कोहोल काढल्यावर येते. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश उरते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. त्यासाठी आसवन्या वाढल्या, त्याबरोबर हा प्रश्नही वाढला.

स्पेंटवॉश गडद तपकिरी व आम्लधर्मी असते. सामू ४ ते ४.५. त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात. गावच्या सांडपाण्याच्या तुलनेत ही प्राणवायूची मागणी शंभर पटींहून अधिक असते. म्हणून एक टँकर ओढ्यात सुटला तरी मासे मरतात. विहिरीत उतरलेला तपकिरी रंग तर लवकर जात नाही.

"यात पालाश भरपूर आहे, फुकट घ्या," असे सांगून टँकर बांधावर येतो. पालाश असते हे खरे. पण त्याबरोबर क्षारही असतात. निचरा कमी असलेल्या भारी काळ्या जमिनीत ते साचतात आणि जमीन खारवट होते. फुकटचे टँकर बहुधा रात्रीच का येतात, याचा विचार आपणच करावा.

योग्य मार्ग उपलब्ध आहेत. स्पेंटवॉशपासून आधी गॅस काढावा. त्यानंतर ते आटवून बॉयलरमध्ये जाळता येते. त्या राखेतील पालाश वाया जात नाही. मळीपासून मिळणाऱ्या १४.५ टक्के पालाशच्या खताला २०२१ मध्ये केंद्राच्या अनुदान योजनेत स्थान मिळाले. दुसरा मार्ग कंपोस्टचा. पाणी न झिरपणाऱ्या पक्क्या ओट्यावर एक टन प्रेसमडला, गॅस काढून घेतलेले सुमारे अडीच घनमीटर स्पेंटवॉश, ४५ दिवसांत थोडे थोडे मुरवावे लागते. पावसाळ्यात हे काम बंद ठेवावे लागते. साठवण तलाव त्याआधी रिकामा झाला नाही, तर तो पहिल्या मोठ्या पावसात फुटतो किंवा फोडला जातो.

प्रेसमड जरूर घ्या. हल्ली बायोगॅस प्रकल्पही ते विकत घेऊ लागल्याने पूर्वीसारखे सहज मिळत नाही. मात्र ताजे प्रेसमड सरीत टाकू नये. त्यात मेण असते, कुजताना उष्णता निघते आणि बेण्याच्या उगवणीवर परिणाम होतो. दीड मीटरपर्यंत उंच ढीग लावून टनाला एक किलो कंपोस्ट जिवाणू संवर्धक मिसळावे, ओल टिकवावी व दर पंधरवड्याला ढीग वरखाली करावा. ढिगात हात घातल्यावर ऊब लागत नसेल व मातीसारखा वास येत असेल, तर खत तयार झाले असे समजावे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत दरावर बोलून झाले की आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. साठवण तलावाला अस्तर आहे काय? आसपासच्या निरीक्षण विहिरींच्या पाण्याचे अहवाल कोठे पाहायला मिळतील? पावसाळ्यापूर्वी तलावात किती साठा शिल्लक होता?

आणि हंगाम सुरू होण्याआधी आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. नंतर तक्रार करायची वेळ आली, तर आधीचे पाणी कसे होते याचा कागद हाती असतो. पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून मग स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत एक लिटर पाणी भरावे, बाटलीवर नाव, गट क्रमांक व तारीख लिहावी आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावे.