पोटावरचं लाल पुरळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडहिंग्लज परिसरात पावसाळ्यात दिवसदिवस कपडे वाळत नाहीत. ओलसर परकर, ओलसर चड्डी तशीच अंगावर चढते आणि कमरेच्या पट्ट्यात खाज सुरू होते. ऊस-मिरचीच्या रानात राबणाऱ्यांना उन्हाळ्यात घामानं हाच त्रास होतो. पोटावर लाल पुरळ उठलं की शेजारी औषध सांगतात, दुकानदार ट्यूब देतो. पण बुरशी, किडा, विषाणू आणि ॲलर्जी या चारही कारणांनी पोट लाल होऊ शकतं आणि चारींचे उपाय निराळे आहेत. म्हणून मलम निवडण्याआधी कारण ओळखायला हवं.

गैरसमज १: घामोळंच आहे, पावडर लावली की जाईल.

वस्तुस्थिती: घामोळं म्हणजे घामाच्या नलिका तुंबून आलेले बारीक, टोचणारे दाणे. सैल सुती कपडे आणि थंड पाण्याची आंघोळ मिळाली की ते काही दिवसांत ओसरतात. पुरळ गोलाकार पसरत असेल, कडा उठावदार आणि मधला भाग निवळलेला असेल, तर तो नायटा, म्हणजे बुरशी. नाडी आणि करदोट्याखाली तिला हवा तसा ओलावा मिळतो. बुरशीविरोधी औषध काही आठवडे, डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, चालू ठेवावं लागतं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा आणि कपडे पूर्ण वाळल्याशिवाय घालू नयेत.

गैरसमज २: दोन दिवसांत खाज थांबवणारी ट्यूब सर्वांत चांगली.

वस्तुस्थिती: अशा बऱ्याच मिश्र मलमांत तीव्र स्टिरॉइड असतं. ते खाज आणि लाली दाबतं, बुरशी मात्र जिवंत राहते. त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावल्यामुळे ती आणखी पसरते आणि कडा पुसट झाल्यानं डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जाते. दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते, पोटावर कायमचे व्रण उमटतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, ती याच कारणानं. घरात अर्धी उरलेली ट्यूब दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना मात्र ती सोबत न्या.

गैरसमज ३: खरूज अस्वच्छ माणसालाच होते.

वस्तुस्थिती: खरूज त्वचेत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते. जवळच्या स्पर्शातून तो कुणालाही लागतो: वसतिगृहातल्या मुलांना, ऊसतोडीच्या कोपीत दाटीनं झोपणाऱ्यांना, पाहुण्यांनी भरलेल्या घरालाही. बेंबीभोवती आणि कमरेवर दाणे, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणी खाजवतंय, एवढं जुळलं तर खरजेची शंका घ्यावी. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला २ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे न खाजवणाऱ्यालाही लागण झालेली असू शकते. म्हणून सगळ्या घरानं एकाच रात्री औषध लावायचं. ५ टक्के पर्मेथ्रिन मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावून सकाळी धुवायचं आणि सुमारे आठवड्यानं पुन्हा लावायचं. तान्ही बाळं आणि गरोदर स्त्रियांसाठी आधी डॉक्टरांना विचारावं. कपडे, अंथरुणं गरम पाण्यात धुवावीत. किडे मेल्यावरही खाज काही आठवडे राहते. तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा मलम लावू नये.

गैरसमज ४: नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो.

वस्तुस्थिती: या भीतीनं किती घरांची झोप उडते! नागीण म्हणजे लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो आणि वयामुळे किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एका तंतूच्या वाटेनं बाहेर पडतो. म्हणूनच पुरळ पोटाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं येतं आणि सहसा मध्यरेषेवर थांबतं. क्वचित दोन्ही बाजूंना आलं, तरी विळखा पडल्यानं मृत्यू येत नाही. पुरळ दिसण्याआधी दोन-तीन दिवस त्या जागी जळजळ किंवा ठणका असतो. फोड २ ते ४ आठवड्यांत आपोआप सुकतात आणि श्रेय मंत्राला, गेरूच्या लेपाला मिळतं. खरं नुकसान वाया गेलेल्या वेळेचं असतं. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. पुरळ गेल्यावरही काहींना, विशेषतः वृद्धांना, महिनोन्महिने वेदना राहतात. फोड सुकेपर्यंत गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांपासून दूर राहावं.

गैरसमज ५: अंगावर पित्त उठलं म्हणजे पोटातलं पित्त वाढलं.

वस्तुस्थिती: या गांध्या त्वचेतल्या पेशींनी सोडलेल्या हिस्टामिनमुळे येतात. कारण औषध, अन्न, कीटकदंश किंवा एखादा संसर्ग असू शकतो. एकेक गांधी साधारण २४ तासांत विरते, दुसरीकडे नवी उठते. आम्लपित्ताच्या गोळीनं हा त्रास जात नाही, ॲलर्जीविरोधी गोळी लागते. ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

गैरसमज ६: नाडीचा वळ बायकांना असायचाच.

वस्तुस्थिती: रोज त्याच जागी घट्ट आवळलेली नाडी त्वचा सोलते, काळवंडवते. वर्षानुवर्षं न भरणाऱ्या अशा जखमेत क्वचित कर्करोगही होतो. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन स्त्रियांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. नाडी सैल ठेवा, रुंद पट्ट्याचा परकर वापरा, बांधण्याची जागा बदला. वळ दुखत असेल, चिघळत असेल, तर दाखवायला लाजू नका.

वाट पाहू नये अशी लक्षणं: तापासोबत आलेले आणि पारदर्शक ग्लास दाबूनही फिके न पडणारे लाल ठिपके, वेगानं पसरणारी गरम सूज, पू, किंवा नवं औषध घेतल्यावर पुरळासोबत तोंड-डोळ्यांत फोड. अशा वेळी त्याच दिवशी गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं, आणि गरज पडल्यास कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. बाकी पुरळ महिनाभर लपवून सोसण्यासारखं नाही. पोटावरची खाज सांगण्यात कसलीही लाज नाही, आणि वेळेवर सांगितलं तर यातले बहुतेक त्रास पूर्ण बरे होतात.