मनीचा शिधा

आमच्या मनीची ताटलीकडे येण्याची एक ठरलेली रीत आहे. ती प्रथम काठाशी थांबते, मान किंचित पुढे करून अन्नापासून बोटभर अंतरावर नाक स्थिर धरते, दोन-तीन श्वास घेते, आणि तो वास तिला मान्य नसेल तर उजव्या पंजाने ताटलीशेजारची फरशी, जणू तेथे माती आहे अशा निष्ठेने, खरवडून न शिवलेले अन्न पुरल्यासारखे करते व खिडकीकडे निघून जाते. गतवर्षी मोठ्या गोणीवर सूट होती म्हणून कोरड्या खाद्याची सात किलोंची गोणी घरी आणली, तेव्हा दोन दिवस खाऊन तिसऱ्या दिवशी तिने हाच विधी केला, आणि उरलेला सारा जिन्नस अखेर गल्लीतल्या मांजरांना घालावा लागला. ज्या घरात महिन्याचा जमाखर्च वहीत मांडला जातो त्या घराला ती रक्कम लहान नव्हती. मांजर अन्न नाकारते तेव्हा ते नेमके काय नाकारते, हे समजून घेतल्यावाचून पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही, असे त्या दिवशी ठरवले.

आपल्या भाषेने मांजर आणि दूध यांची सांगड फार पूर्वीच घालून ठेवली आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटले की बोक्याचे फावते, आणि या म्हणींच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या आपण मांजरापुढे दूधभात कालवून ठेवत आलो. लाडक्या मांजराच्या वाटीत चिमूटभर साखर टाकणाऱ्या आज्याही मी पाहिल्या आहेत. ती साखर मांजराला कळतच नव्हती. गोड चव ओळखण्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक जनुक मांजरात निकामी झालेले आहे, ही गोष्ट फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिली. दुधात मांजराला भुलवतो तो स्निग्धांश, आणि शिंक्यावरच्या लोण्याचे आकर्षणही त्यातलेच. दुग्धशर्करा पचवण्याचे सामर्थ्य मात्र पिल्लूपण सरताच बहुतेक मांजरांत ओसरते, म्हणून वाटीभर दुधानंतर पुष्कळदा पोट बिघडते. जिभेवर रुचिकलिका अवघ्या काही शेकडे, तेव्हा अन्नाची पारख मुख्यतः नाकानेच व्हायची. आणि ज्या प्राण्याचे नैसर्गिक भक्ष्य नुकतेच मारलेले, म्हणजे देहाच्या उष्णतेचे असते, त्याच्यापुढे फ्रिजमधून काढलेली थंडगार वाटी ठेवली तर तिला वास जेमतेमच असतो. मनीच्या निम्म्या तक्रारी ताटली गरम पाण्याच्या पातेल्यावर पाच मिनिटे धरल्याने मिटल्या, आणि त्यास एक पैसाही लागला नाही.

मग जुन्या घरांतली मांजरे दूधभातावर कशी जगली, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर कणगीमागे आहे. एका घरउंदरात सुमारे तीस किलोकॅलरी असतात, चार किलोंच्या मांजराची दिवसाची गरज दोनशे ते अडीचशेची. म्हणजे सात-आठ उंदीर, हाडांसकट, काळजासकट, हृदयासकट. दूधभात हा वरकड होता, खरा शिधा मांजर स्वतःच मिळवीत असे. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहणाऱ्या मांजराच्या नशिबी तो शिधा नाही, आणि त्याची जबाबदारी संपूर्णतः आपल्यावर येऊन पडली आहे, ही जाणीव ठेवूनच स्वस्ताईचा विचार केला पाहिजे. मांजर हा अनिवार्यतः मांसाहारी प्राणी आहे. गाजरातील रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व अ बनवण्याची शक्ती त्याच्या देहात नाही, आणि टॉरिन नावाचे द्रव्य त्याला गरजेपुरते बनवता येत नसल्यामुळे ते अन्नातूनच मिळावे लागते. टॉरिनअभावी मांजराचे दृष्टिपटल झिजते हे १९७५ सालीच प्रसिद्ध झाले होते. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पिऑन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांची हृदये फुगून दुर्बल होण्यामागेही हेच कारण होते आणि टॉरिन दिल्यावर ती हृदये पूर्ववत होऊ शकत होती. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवले. तेव्हा, टॉरिनची हमी नसलेले कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून तेच मांजराला चालवून घेण्याची जी वहिवाट काही घरांत आहे, ती सोडलीच पाहिजे.

आता दुकानातल्या पाकिटाकडे वळू. किमतीच्या आधी पाहण्याची गोष्ट ही, की ते खाद्य संपूर्ण आहे की पूरक. नळीतून पिळून चाटवण्याचे जे लाडाचे खाऊ हल्ली मिळतात ते बहुतांशी पूरक असतात, आणि त्यांवर मांजराची गुजराण होऊ शकत नाही. दुसरी गोष्ट प्रथिनांच्या आकड्याची, जो पाण्यामुळे फसवा ठरतो. ओल्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिने आठ टक्के आणि पाणी त्र्याऐंशी टक्के लिहिलेले असेल, तर कोरडा अंश उरला सतरा. त्यात आठ, म्हणजे सत्तेचाळीस टक्के. कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर प्रथिने तीस आणि पाणी दहा असेल, तर हाच हिशेब तेहतीसवर येतो. अमेरिकेतील ॲफको या संस्थेच्या मानकांनुसार प्रौढ मांजराच्या अन्नाच्या कोरड्या अंशात किमान सव्वीस टक्के व वाढत्या पिल्लाच्या अन्नात तीस टक्के प्रथिने असावीत, आणि आपल्याकडील पाकिटेही त्या कसोटीला लावून पाहता येतात.

भावाची तुलना किलोमागे करणे हा सर्वांत मोठा घोटाळा. शंभर ग्रॅम कोरड्या खाद्यात साधारणपणे साडेतीनशे ते चारशे किलोकॅलरी असतात, ओल्यात सत्तर ते शंभर. दिवसाला दोनशे लागणाऱ्या मांजराला कोरडे दाणे पंचावन्न ग्रॅम पुरतात, म्हणजे सव्वा किलोची पिशवी तीन आठवड्यांहून थोडी अधिक चालते. तीच भूक पंच्याऐंशी ग्रॅमच्या ओल्या पुड्यांवर भागवायची तर दिवसाला तीन पुड्या. किमतीला पिशवी किती दिवस पुरेल त्या संख्येने भागावे, आणि जो रोजचा आकडा येईल तो वहीत लिहावा. पाकिटावर उष्मांक नसतील तर मांजराच्या वजनानुसार दिलेल्या मात्रेच्या कोष्टकावरून हेच गणित करता येते. ज्या पिशवीतले चार आणे केरात जातात ती स्वस्त नव्हे, हे मात्र आमच्या गोणीने शिकवले. म्हणून चोखंदळ मांजरासाठी आधी सर्वांत लहान पुडी घ्यावी. दुकानात पोत्यातून सुटे मोजून मिळणारे दाणे कितीही कमी भावात पडोत, हवेने त्यांतील स्निग्धांश खवट होतो, पावसाळ्यात ते ओल धरतात, आणि तो खवटपणा आपल्याआधी मांजराच्या नाकाला कळतो. मूळ पिशवीच तोंड आवळून झाकणाच्या डब्यात ठेवावी.

घरच्या अन्नाची तजवीज करताना चिकनच्या दुकानात दोन जिन्नस हक्काने मागावेत: कोंबडीची हृदये आणि पेटा, म्हणजे जठराचा मांसल भाग. हृदयात टॉरिन विपुल असते आणि गिऱ्हाइकांची त्यावर फारशी झुंबड नसते. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार आता मला पाहताच म्हणतो, ‘‘काका, मनीचा वाटा काढून ठेवलाय.’’ हे दोन्ही जिन्नस धुऊन, बेताच्या पाण्यात, मीठ-मसाल्यावाचून, आणि कांदा-लसूण तर कदापि न घालता उकडावेत, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. उकडल्याचे पाणी टाकू नये. टॉरिन पाण्यात उतरते, आणि शिवाय कोरड्या दाण्यांवर त्या पाण्याचे दोन चमचे घातले की मनीचे नाक ताटलीवरून हलत नाही. काळीज, म्हणजे यकृत, आठवड्यातून एखादा लहान तुकडा, त्याहून अधिक नाही. रोज काळीज खाणाऱ्या मांजराच्या अंगात जीवनसत्त्व अ साचून मानेचे मणके जखडतात. निव्वळ मांसावर मांजर ठेवणेही घातक, कारण मांसात स्फुरद भरपूर व कॅल्शियम नगण्य, आणि अशा अन्नावर वाढणाऱ्या पिल्लांची हाडे उडी मारताना मोडतात. म्हणून घरचे अन्न दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापर्यंत असावे, बाकी संपूर्ण खाद्य. याहून अधिक द्यायचे असेल तर पशुवैद्याची मसलत घ्यावी.

मासळीबाबत कोकणी माणसाला सल्ला देणे धारिष्ट्याचे आहे, तरी दोन शब्द. तारली स्वस्त, स्निग्ध आणि मांजराला प्राणप्रिय. परंतु रोज तीच घातली तर जीवनसत्त्व ई कमी पडून देहातील चरबीच दाहाने सुजते. काही मासळीत थायमिन नष्ट करणारे विकर असते, ते शिजवल्याने निष्प्रभ होते, म्हणून कच्ची मासळी नको. ताजा बोंबील बहुतांशी पाणीच, तेव्हा त्याने पोट भरल्याचा भास होतो. खारवलेली सुकी मासळी वर्ज्य. बिनमिठाचा जवळा भाजून, चुरून, दाण्यांवर चिमूटभर भुरभुरावा.

एवढे करूनही मांजर एकाएकी खाईनासे झाले, तर त्याला हट्ट म्हणून सोडून देऊ नये. दात, हिरड्या, मूत्रपिंड यांचे विकार प्रथम ताटलीवरच प्रकट होतात. भूक लागली की खाईल, हा कुत्र्याला कदाचित लागू पडणारा न्याय मांजराला लावणे क्रूर आहे. दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः स्थूल मांजराच्या, यकृतात चरबी साचून प्राणावर बेतते. एक अहोरात्र काही न खाल्ल्यास दवाखाना गाठावा. बोका वारंवार लघवीला बसून थेंबही येत नसेल तर तितकाही धीर धरू नये.

खाद्य बदलण्यास मनीला मी दहा दिवसांची मुदत दिली. पहिल्या दिवशी जुन्या दाण्यांत नव्याचा दहावा हिस्सा, मग रोज थोडा अधिक. ताटली तिच्या शौचाच्या पेटीपासून दूर, पसरट, म्हणजे मिशा काठाला घासू नयेत. दिवसाकाठी दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. चौथ्या दिवशी तिने नवे दाणे वेचून बाजूला काढले होते, फरशीवर एका ओळीत. आठव्या दिवशी त्या जागी काही नव्हते. काल सकाळी ती काठाशी थांबली, नाक धरले, दोन श्वास घेतले. मी पंजाकडे पाहत राहिलो, आणि पंजा उचलला गेला तो मिशा पुसण्यासाठी.