जादूची तलवार कोणाच्या वाट्याची?

टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि एकाने डंजन मास्टर, म्हणजे डीएम होऊन त्या पात्रांभोवतीचं सगळं जग चालवायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४मध्ये बाजारात आला. फासे पडतात, गोष्ट पुढे सरकते आणि गुहेच्या तळाशी एखादी अंगठी, झगा, तलवार हाती लागते. या वस्तू खेळाडूंच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतात. त्यामुळे खेळाच्या नियमपुस्तकाबाहेरची, स्वतःच्या कल्पनेतली वस्तू घडवावी असं डीएमला वाटणं साहजिक आहे. पण वस्तू फिकी झाली तर ती झोळीत पडून राहते आणि फार जबर झाली तर पुढची प्रत्येक लढाई तिच्याच तालावर चालते. हा तोल कसा साधायचा, याची उत्तरं खेळाच्या प्रत्येक आवृत्तीत बदलत गेली.

सुरुवातीच्या काळात बरंचसं नशिबावर सोपवलेलं होतं. १९७९च्या डीएमसाठीच्या मार्गदर्शक ग्रंथात लांबलचक तक्ते होते. फासा टाकायचा आणि निघेल ती वस्तू द्यायची. लगाम होता तो शापांचा आणि जबर मोबदल्याचा. वेक्ना या मांत्रिकाचा हात आणि डोळा या वस्तू खेळात १९७६मध्ये आल्या. त्यांची ताकद हवी असेल तर आधी स्वतःचा हात तोडावा लागतो, स्वतःचा डोळा काढावा लागतो.

२०००मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने गणित मांडलं. शस्त्राच्या बोनसचा, म्हणजे फाशाच्या आकड्यात ते घालत असलेल्या भरीचा, वर्ग करायचा आणि त्याला दोन हजार सुवर्णनाण्यांनी गुणायचं. म्हणजे +१ तलवारीच्या जादूचे २,००० आणि +५च्या जादूचे ५०,०००. वापरताच मंत्र चालवणाऱ्या वस्तूंसाठी मंत्राची पातळी, मांत्रिकाची पातळी आणि दोन हजार यांचा गुणाकार. सूत्र देखणं होतं, पण त्याला भोकं होती. 'ट्रू स्ट्राइक' हा पहिल्या पातळीचा मंत्र पुढच्या एका वाराला +२० देई. सूत्र शब्दशः लावलं तर वापरताच हा मंत्र चालवणाऱ्या वस्तूची किंमतही दोन हजारच निघते. एका किमतीत एकाला +१ आणि दुसऱ्याला +२०! म्हणूनच पुस्तकाने बजावलं होतं, की सूत्रावर विसंबू नका, आधीच्या वस्तूंशी ताडून पाहा.

२००८च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक वस्तूला पातळी मिळाली आणि राक्षसांचे आकडेही खेळाडूंकडे ठरावीक बोनस असणारच, असं धरून बेतले गेले. तोल साधला, पण जादूची वस्तू नवलाची न राहता गरजेची झाली.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने ते गृहीतक काढून टाकलं. वस्तूंना दुर्मिळतेच्या पायऱ्या दिल्या आणि अनेक जबर वस्तूंना 'अट्यूनमेंट'ची अट घातली. अशा वस्तूशी आधी नातं जोडावं लागतं आणि एका पात्राला एका वेळी फार तर तीन वस्तूंशी ते जोडता येतं. तरी पायरी सगळं सांगत नाही. उडणारा झाडू आणि पंखांचे बूट एकाच पायरीवर आहेत, पण बुटांना अट्यूनमेंट लागतं, झाडूला नाही. पात्राच्या ताकदीचा आकडा थेट १९ करणारे हातमोजे आधीच १८ ताकद असलेल्या योद्ध्याला जेमतेम उपयोगी पडतात, तर ८ ताकदीच्या मांत्रिकाचं रूपच पालटतं.

आता एक तलवार घडवून पाहू. खेळाडू चौथ्या पातळीवर आहेत आणि समोर चिलखत-अंक, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १५ असलेला शत्रू आहे. योद्ध्याचा हल्ल्याचा बोनस +५ आहे, त्यामुळे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा अधिक पडलं की वार लागतो. म्हणजे शक्यता ५५ टक्के. आठ बाजूंचा फासा आणि वर तीन, असं सरासरी नुकसान साडेसात. वार हुकण्याचा हिशेब धरला तर फेरीला सरासरी चारच्या आसपास. याच तलवारीला +२ आणि वर सहा बाजूंच्या दोन फाशांची आग दिली, तर शक्यता ६५ टक्के होते, लागलेल्या वाराचं नुकसान साडेसोळा आणि फेरीची सरासरी पावणेअकरा. एका रात्रीत योद्धा अडीचपट झाला. बाकीचे तिघे आहेत तिथेच राहिले.

तीच तलवार वेगळी बेतू. बोनस काहीच नाही, तीन चार्ज आहेत, म्हणजे तिची जादू तीनदा वापरता येते, आणि रोज पहाटे एक चार्ज परत येतो. वार लागल्यावर एक चार्ज खर्च केला की शत्रू प्रकाशाने उजळतो आणि त्याच्यावर पुढचा हल्ला करणाऱ्या साथीदाराला दोन फासे टाकून मोठा घेता येतो. त्याचा बोनसही +५ असेल, तर त्याची शक्यता ५५वरून जवळपास ८० टक्क्यांवर जाते. आता योद्ध्याला ठरवावं लागतं, की चार्ज आत्ता खर्चायचा की राखायचा, आणि तो कोणासाठी. फासा मात्र दुसऱ्याच्या हातात जातो.

माझ्या मते तोलाचं मर्म इथेच आहे. वस्तू कुणाच्या वाट्याचं काम खाते, हा प्रश्न कोणत्याही सूत्रात बसत नाही. हवं ते कुलूप हव्या तितक्या वेळा उघडणारी किल्ली नुकसानीच्या तक्त्यात शून्य दिसेल. पण ज्याने कुलपं उघडण्याचं कसब शिकलेला चोर उभा केला, त्याचं टेबलावरचं स्थानच ती हिरावून घेते. पुस्तकातली कुलूप उघडणारी घंटा दहा वेळा वाजली की तडकते. त्यामुळे अडीअडचणीला ती आहे, पण रोजचं काम चोराचंच राहतं. अग्निगोलांच्या छडीत सात चार्ज असतात आणि शेवटचा खर्च केला तर ती भस्म होण्याचा धोका असतो. अशी मर्यादा घातली की वस्तूचा प्रत्येक वापर खेळाडूला विचार करायला लावतो.

म्हणून नवी वस्तू बेतताना आधी तिच्या जवळची पुस्तकातली वस्तू शोधावी आणि आकडे मांडावेत. मग खेळणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन विचारावं, की याच्या वाट्याला यातून काय येतं आणि याचं काय जातं. वस्तू देतानाच सांगून ठेवावं, की दोन-तीन बैठका खेळून पाहू आणि गरज पडली तर सगळ्यांशी बोलून ती बदलू. त्या बैठकांत मालकापेक्षा इतरांकडे लक्ष द्यावं. ती वस्तू त्याच्या हाती आहे याचा बाकीच्यांनाही आनंद होत असेल, तर तोल साधला म्हणायला हरकत नाही.