उपकारांची आठवण

लखनौच्या कैसरबागेत नबाबी काळातील ‘परीखाना’ ही वास्तू आहे. तेथे नांदणाऱ्या संगीत विश्वविद्यालयाला एका मराठी माणसाचे नाव आहे: पंडित विष्णु नारायण भातखंडे. मुंबईच्या या वकिलाने गावोगाव हिंडून, गवयांपाशी बसून, घराण्यांत जपलेल्या चिजा लिहून घेतल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने लखनौत संगीत विद्यालय निघाले, ते मात्र तत्कालीन गव्हर्नर मॅरिस यांच्या नावाने. पंडितजी १९३६ साली निवर्तले. संस्थेला त्यांचे नाव लाभले १९६६ साली.

वाचकहो, असा विलंब आपल्याही घरी होत नाही काय? श्राद्धाच्या पानात आपण आईच्या आवडीचा पदार्थ आठवणीने वाढतो; परंतु तिच्या हयातीत ‘आज आमटी फार छान झाली’ एवढे म्हणण्याचे राहून जाते.

कृतज्ञतेने समोरच्याला संतोष होतो, हे आपण जाणतोच. पण तिचा लाभ ती बाळगणाऱ्यालाही होतो. २००३ साली एमन्स व मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी दहा आठवडे, दर आठवड्यास, ज्यांबद्दल धन्यता वाटली अशा पाच गोष्टी लिहिल्या. काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले जीवन अधिक समाधानाचे वाटले. २००५ साली सेलिग्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपकारकर्त्याला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देण्यास लोकांना सांगितले. त्यांचा आनंद वाढला, महिनाभर टिकला आणि पुढे ओसरला.

म्हणजे हे एकदाच घ्यावयाचे औषध नव्हे. ही रोजची सवय आहे. मिळालेल्या सुखाला मन लवकर सरावते आणि उणिवाच मोजू लागते. कृतज्ञता त्या मनाला थांबवून पुन्हा पाहावयास लावते. अर्थात तिने दारिद्र्य हटत नाही, आजार बरा होत नाही. आणि अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे कृतज्ञता नव्हे.

आभाराला नेहमी शब्दच लागतात असेही नाही. पंडितजींचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्याच विद्यालयाचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळून गुरूंचे कार्य पुढे चालविले. ऋण फेडण्याची ही रीत सर्वांत उत्तम!

आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी दिवसातील तीन चांगल्या गोष्टी वहीत टिपा. रविवारी आपल्या जुन्या गुरुजींना चार ओळी लिहा. जमल्यास स्वतः जाऊन वाचून दाखवा. संस्थेला नाव मागाहूनही देता येते. आभाराचे शब्द ऐकावयास मात्र माणूस समोर असावा लागतो.