चपला कुणी नेल्या?

आमच्या टॉबीने गेल्या वर्षावासात सगळ्या विहाराला जो घोर लावला, त्याची हकिकत वाचक भगिनींना सांगावी म्हणून लिहायला बसले आहे. त्यात माझीही थोडी नामुष्की आहे, पण ती लपवून हकिकत पुरी होणार नाही.

आम्ही हडपसरला राहतो, गाडीतळापासून सासवडच्या रस्त्याला लागलं की आत. टॉबी गावठीच, तांबडा, एक कान मोडलेला. पावसात भिजलेलं पिल्लू मुलीने ओढणीत गुंडाळून आणलं आणि त्याच दिवशी घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, कुत्रं दारात असावं, घरात नाही. मुलीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. १९३४ च्या फेब्रुवारीत राजगृहावर काढलेला तो फोटो अनेकांच्या घरी असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, मुकुंदराव, लक्ष्मीबाई, आणि त्या सगळ्यांबरोबर बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. “बाबासाहेबांच्या घरात चालतो, मग आपल्या का नाही?” यावर सासूबाईंना बोलायला जागाच राहिली नाही. नाव ठेवायचा प्रश्नही तिथेच मिटला. वस्तीने मात्र त्याचा ‘टोब्या’ केला.

सासूबाईंचा विरोध नुसता केस-घाणीचा नव्हता. पहिल्यांदा टॉबीला स्टीलच्या वाटीत दूध दिलं, तेव्हा त्या बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्या गावात विहिरीच्या हौदाला कुत्री तोंड लावायची. आम्ही घागर घेऊन लांब बसायचो, कुणी वरून ओतील म्हणून.” चवदार तळ्याचं दुखणं तेच होतं. गुराढोरांना, कुत्र्या-मांजरांना तिथे मनाई नव्हती, माणसांना होती, म्हणून १९२७ साली महाडला जावं लागलं. तेव्हा वाटीतल्या दुधाकडे त्या तशा का बघत होत्या, ते मी पुढे विचारलं नाही. चार महिन्यांनी तीच वाटी त्या स्वतः भरू लागल्या.

आता चपलांचं. आषाढी पौर्णिमेपासून विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात एका उपासिकेची एक चप्पल गेली. एकच, जोडी नाही. दोन दिवसांनी दुसऱ्याची. कधी डाव्या पायाची, कधी उजव्या. नव्या कोऱ्या सँडल जागच्या जागी, आणि घासून पातळ झालेली चामडी चप्पल गायब! चोर असेल तर वेडाच म्हणायचा. सहावी गेली ती खुद्द अध्यक्षांची. बिचारे एका पायात चप्पल आणि एका पायात चिखल असे घरी गेले. सातवी माझी.

विहाराच्या पायरीवर एक काळा कुत्रा झोपायचा, लंगडा, कुणाचाच नसलेला. अध्यक्षांनी उरलेली चप्पल हातात घेऊन त्याला दरडावलं, “काय रे, कुठं नेलीस?” काळ्याने कान पाडले, शेपूट पोटाखाली घातलं, मान फिरवली आणि अंग चोरून भिंतीला टेकला. झालं. “चोराच्या मनात चांदणं!” असं दोघं-तिघं एकदमच म्हणाले. कुणी म्हणालं, महापालिकेची गाडी बोलवा. एक तरुण म्हणाला, गाडी कधी येणार, भाकरीत पुडी घालू. मी काही बोलले नाही. नवीन चपलेचे पैसे डोक्यात होते. मुकाट्याने मान हलवली, हे कबूल करते.

बोलल्या त्या सासूबाई. “कुणी बघितलं का त्याला नेताना?”

कुणीच बघितलं नव्हतं.

“आमच्या गावात ढोर मेलं की आधी आमच्या वाड्यावर यायचे, तुम्हीच विष घातलं म्हणून. तुम्ही बघितलं का, असं विचारायची सोय नव्हती. इथं आहे म्हणून विचारते.” सभामंडपात कुणी काही बोललं नाही. पुडीचा विषय तिथेच थांबला.

तिसऱ्या दिवशी आमचे हे रातपाळी करून पहाटे आले. सायकल लावायला मागच्या पत्र्याखाली गेले आणि तिथूनच मला हाक मारली. पाण्याच्या पिंपामागे पोत्यावर सात चपला, त्यात यांचा जुना बूट, आणि सगळ्यांवर हनुवटी टेकवून टॉबी गाढ झोपलेला. एकाही चपलेला दात लागलेला नव्हता. माझी चप्पल अगदी नाकाखाली.

कोडं मग हळूहळू सुटलं. ह्यांची पाळी बदलून रातपाळी झाली होती आणि आम्ही बाकीचे संध्याकाळी विहारात. टॉबी जन्मात पहिल्यांदा घरी एकटा राहू लागला. कुंपणाच्या फटीतून निघायचा, विहारापर्यंत यायचा, ओळखीच्या वासाची एक चप्पल तोंडात धरायची आणि परत. एकच का, तर तोंड एकच! सातही चपला आमच्या घरी रोज चहाला बसणाऱ्यांच्याच होत्या. नवी सँडल त्याला काय कामाची, तिला दुकानाचा वास. माणसाच्या नाकात गंधपेशी पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर, असं सांगतात. घामेजलेली चप्पल म्हणजे त्याच्या लेखी ते माणूसच की. अमेरिकेत एमरी विद्यापीठात बारा कुत्र्यांना शिकवून मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात न हलता निजवलं आणि वेगवेगळे वास हुंगवले. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आनंदाच्या अपेक्षेने जागा होणारा मेंदूचा भाग सर्वांत जास्त जागा झाला तो घरच्या ओळखीच्या माणसाच्या वासाने, दुसऱ्या कुत्र्याच्या वासाने नव्हे.

आणि काळ्याचा तो अपराधी चेहरा? त्याचाही उलगडा मुलीने वाचून सांगितला. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ मध्ये चौदा पाळीव कुत्र्यांवर प्रयोग केला. मालकाने खाऊला तोंड लावायचं नाही म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मग कधी कुत्रा तो खाऊ खाई, कधी बाईच उचलून घेत, आणि मालकाला खरं-खोटं काहीही सांगत. मालक रागावला की कुत्रा ओशाळा दिसे, खाल्लेलं असो वा नसो. न खाताच बोलणी बसली तर जास्तच. म्हणजे तो चेहरा गुन्ह्याचा नाही, दरडावण्याचा. आमच्या टॉबीला कुणी दरडावलंच नव्हतं, तेव्हा त्याचा चेहरा कसा निर्मळ! त्या सगळ्या गोंधळात तो माझ्या पायाशी बसून शेपूट हलवत होता.

संध्याकाळी सातही चपला पिशवीत घालून मी विहारात गेले आणि सगळ्यांसमोर ओळीने मांडल्या. अध्यक्ष आधी चपलेकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. पाहुणे आलेले भंतेजी मात्र मोठ्याने हसले. म्हणाले, “हे तर कुक्कुर जातक.” त्यांनी तिथेच ते सांगितलं. वाराणसीच्या राजाच्या रथाचं चामडी सामान अंगणात पावसात भिजलं, ते रात्री कुत्र्यांनी खाल्लं. सेवक म्हणाले, बाहेरची कुत्री मोरीतून आली. राजाचा हुकूम सुटला, दिसेल तो कुत्रा मारा. फक्त राजवाड्यातले जातिवंत कुत्रे सोडा. तेव्हा बोधिसत्त्व स्मशानातल्या कुत्र्यांचा नायक होता. तो एकटा दरबारात गेला आणि राजाला विचारलं, चोर ठाऊक नाही तर सगळ्यांना मारतोस कसा, आणि सगळ्यांना मारतोस तर घरच्यांना सोडतोस कसा? मग त्याने राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजायला सांगितलं. ते सारे चामड्याचे तुकडे ओकले. (आमचा टॉबीसुद्धा हरळी खाऊन कधी कधी ओकतो. त्यातून आजवर चप्पल मात्र निघालेली नाही.)

गोष्ट संपली तेव्हा पुडी म्हणणारा तरुण उठून बाहेर गेला. मला वाटलं, रागावला. बघते तर पायरीवर काळ्याला बिस्किटं घालत होता.

महापालिकेची गाडी पुढे आली, पण ती नसबंदीसाठी. नियमाप्रमाणे लस टोचून, कानाला खूण करून काळ्याला परत विहाराच्या पायरीवर सोडलं. टॉबीला आता आम्ही संध्याकाळी बरोबरच नेतो, आणि ह्यांचा एक न धुतलेला सदरा त्याच्या पोत्यावर असतो. चपला जाणं बंद झालं. मात्र वाचन चालू असताना बाहेर काही पडल्याचा आवाज झाला, की सगळ्यांच्या माना टॉबीकडे वळतात. तो सासूबाईंच्या लुगड्यावर हनुवटी टेकवून शांत पडलेला असतो. पायरीवरचा काळ्या मात्र काही केलेलं नसताना अजूनही कान पाडतो.