पिल्लांचा घास – ९ : आर्टेमिया थांबेल, आधी बाटली लावा

आज माशांच्या पिल्लांना खाऊ घालायला आर्टेमियाची अंडी उबवायची असं ठरलं होतं. पण मिरजेहून एक पत्र आलं आणि बेत फिसकटला. फायटर माशाची पिल्लं निघाली, दोन-तीन दिवस नराच्या बुडबुड्यांच्या घरट्याला लोंबकळली, आडवी पोहू लागली आणि मग रोज थोडी थोडी कमी होत गेली. मायक्रोवर्म तर भरपूर घालत होतो, असं पत्रात लिहिलंय.

भरपूर असतील, पण तळाशी! मायक्रोवर्म पाण्यात पडला की खाली जाऊन वळवळत बसतो आणि नवी पिल्लं घुटमळतात वरच्या थरात. न खाल्लेले वर्म मरतात, पाणी नासतं. अंड्याचा उकडलेला बलक तर त्याहून वाईट. तो सुचवणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी टाकीचा वास घेऊन बघावा.

अशा वेळी माझी सारी भिस्त व्हिनेगर ईलवर. केसाहून बारीक, फार तर दोन मिलिमीटर लांब असा हा सूत्रकृमी. रॉबर्ट हूकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त व्हिनेगरमधल्या या किड्यांबद्दल लिहून ठेवलंय. गोड्या पाण्यात तो काही दिवस सहज जगतो आणि मुख्य म्हणजे वरच्या थरातही पोहत राहतो.

लावायला सोपा. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि शिळं पाणी निम्मं-निम्मं, त्यात सफरचंदाच्या दोन-चार फोडी आणि एखाद्या मित्राकडून आणलेलं जिवंत ईलचं कपभर विरजण. तोंडाला फडकं बांधा आणि बाटली कपाटात ठेवून खुशाल विसरा. महिन्याभराने उजेडासमोर धरलीत, की काचेलगत पांढरी वळवळ दिसेल. पुढे कित्येक महिने तिच्याकडे पाहिलं नाही तरी चालतं. असं गुणी कल्चर दुसरं नाही.

खरी गंमत काढण्यात आहे, कारण व्हिनेगरसकट टाकीत ओतलं तर पिल्लं मरतील. लांब मानेची बाटली घ्या. मान सुरू होते तिथपर्यंत कल्चर भरा. फिल्टरच्या कापसाचा बोळा द्रवाला टेकेल असा मानेत दाबा आणि त्यावर हळूच शिळं पाणी ओता. खाली प्राणवायू कमी पडतो, तसे किडे कापसातून वाट काढत वर येतात. रात्री लावलंत तर सकाळी मानेतलं पाणी गढूळ दिसेल. ते ड्रॉपरने ओढून थेट पिल्लांना द्या. बोळा सैल राहिला तर मात्र व्हिनेगरही वर येतं, म्हणून आधी वास घ्या.

पिल्लांना जन्मभर यावर ठेवू नका. वाढीला आर्टेमियाच लागतो. तो आता पुढच्या आठवड्यात. मिरजकरांना एवढंच सांगणं, की नवी जोडी लावायची घाई करू नका. आधी बाटली लावा, आणि एक नव्हे, दोन.